अ‍ॅक्युट्रॉनिक्स ४एबी३सी१बी रिव्हर्ब टँक: घ्यावा का, आणि घेतला तर बसवावा कसा

गिटारच्या जुन्या ट्यूब अ‍ॅम्पचा रिव्हर्ब, म्हणजे सुरांमागे उमटणारा घुमारा, गेला की बदली म्हणून पहिलं नाव निघतं ते याच टँकचं. ते रास्तही आहे. फेंडर कंपनीने १९६३च्या व्हायब्रोव्हर्ब या मॉडेलपासून अ‍ॅम्पच्या पोटातच रिव्हर्ब द्यायला सुरुवात केली. पुढे ट्विन, डिलक्स, सुपर, प्रिन्स्टन या रिव्हर्बवाल्या मॉडेलांत जो लांब, दोन स्प्रिंगांचा टँक बसला, त्याचीच ही आजची आवृत्ती. निकाल आधीच सांगून टाकू: वस्तू चांगली आहे, आवाज ओळखीचा आहे, आणि अ‍ॅम्पला हाच कोड (नावातली ४एबी३सी१बी ही ओळ) लागत असेल तर डोळे झाकून घ्यावी. अडचण त्या ‘हाच कोड’मध्ये आहे. दुसरी अडचण त्याहून मोठी: रिव्हर्ब बंद पडला म्हणजे टँकच मेला, असं गृहीत धरून माणसं टँक मागवतात, बसवतात, आणि अ‍ॅम्प तरी कोरडाच वाजतो.

टँक म्हणजे पत्र्याचा एक उथळ ट्रे. सुमारे साडेबेचाळीस सेंटिमीटर लांब, अकरा सेंटिमीटर रुंद, साडेतीन सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी उंच. आत आणखी एक अरुंद ट्रे चार बारक्या स्प्रिंगांवर झोपाळ्यासारखा टांगलेला असतो, म्हणजे बाहेरचा धक्का थेट आत पोचत नाही. या आतल्या ट्रेच्या दोन टोकांना एकेक कॉइल, आणि दोन कॉइलींच्या मध्ये ताणलेल्या खऱ्या रिव्हर्बच्या स्प्रिंगा. उलटा करून पाहिला तर चार स्प्रिंगा दिसतात, पण त्या दोनच. प्रत्येक स्प्रिंग दोन तुकड्यांची असते, मधोमध आकड्याने जोडलेली, आणि दोन तुकड्यांचे वेढे एकमेकांच्या उलट दिशेने घातलेले.

प्रत्येक स्प्रिंगच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा चुंबकाचा मणी असतो. तो कॉइलच्या लोखंडी गाभ्याच्या फटीत अधांतरी बसतो, कुठेही न टेकता. इनपुटच्या कॉइलमधून करंट वाहिला की मणी पिळवटतो. तो पीळ स्प्रिंगभर पळतो, दुसऱ्या टोकाचा मणी हलवतो, तिथून परततो, पुन्हा जातो. एका स्प्रिंगला एका दिशेने जायला साधारण ३३ मिलिसेकंद लागतात, दुसरीला ४१. दोन्ही एकाच मापाच्या असत्या तर घुमारा न येता नुसती टकटक ऐकू आली असती. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे.

मूळ कल्पना हॅमंड ऑर्गनच्या घरातली; गिटारवाल्यांनी ती नंतर आपलीशी केली. अ‍ॅक्युट्रॉनिक्स हे नाव २००९ पासून कोरियाच्या बेल्टनकडे आहे. याच कोडचे टँक मॉड, रुबी, टॅड या नावांनीही मिळतात. यातला कोणता ‘खरा’ याचा वाद कधीच मिटणारा नाही. व्यवहारात नाव कुठलंही असो, कोड जुळला पाहिजे. चुकीच्या कोडचा भारीतला टँक बरोबर कोडच्या साध्या टँकपुढे काहीच कामाचा नाही.

तेव्हा कोडबद्दल सविस्तर. सात अक्षरांची ही ओळ टँकच्या पत्र्यावर छापलेली किंवा चिकटवलेली असते, आणि तिच्यातलं प्रत्येक अक्षर काहीतरी ठोस सांगतं.

पहिला ४ म्हणजे घाट: लांब, दोन स्प्रिंगांचा. ९ म्हणजे तेवढाच लांब पण तीन स्प्रिंगांचा, ३३ आणि ४१च्या मध्ये ३७ मिलिसेकंदांची आणखी एक. ८ म्हणजे आखूड, साडेतेवीस सेंटिमीटरचा, तीन स्प्रिंगांचा. १ म्हणजे आखूड आणि दोन स्प्रिंगांचा.

दुसरं अक्षर इनपुटचं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ४ घाटात ए म्हणजे ८ ओहम, बी १५०, सी २००, डी २५०, ई ६०० आणि एफ १४७५. हे आकडे १ किलोहर्ट्झला मोजलेल्या इम्पीडन्सचे (बदलत्या करंटला होणाऱ्या विरोधाचे) आहेत, मल्टिमीटरवर ते दिसणार नाहीत. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो: ए साठी ०.८ ओहमच्या आसपास, बी २६, सी २७, डी ३६, ई ५८, एफ २००. बी आणि सी मीटरवर वेगळे ओळखता येत नाहीत. तिथे छापील कोडच बघावा लागतो.

तिसरं अक्षर आउटपुटचं: ए ५०० ओहम, बी २२५०, सी १००००. मीटरवर अनुक्रमे ४२, २०० आणि ८०० ओहमच्या जवळपास. इथे एक गंमत आहे. एफ इनपुट आणि बी आउटपुट दोन्ही मीटरवर २००च दाखवतात, त्यामुळे कोड पुसलेल्या तशा टँकचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे मीटर सांगू शकत नाही. आपल्या टँकला तो प्रश्न नाही. एका टोकाला जवळजवळ शून्य, दुसऱ्या टोकाला दोनशे. रंगावरूनही कळतं: आठ ओहमची बॉबिन (कॉइलची रीळ) पांढरी, सव्वादोन हजारांची लाल.

इनपुट जुळणं इतकं महत्त्वाचं का? फेंडरच्या पद्धतीत १२एटी७ ट्यूबचे दोन्ही अर्धे समांतर जोडून एक लहान ट्रान्सफॉर्मर चालवतात, आणि तो ट्रान्सफॉर्मर आठ ओहमच्या कॉइलला सुमारे २८ मिलिअँपिअर करंट पुरवतो. तिथे ६०० ओहमचा टँक लावला तर करंट पोचतच नाही. रिव्हर्ब दहावर नेला तरी दूर विहिरीत कोणी गातंय असं वाटतं. उलट बाजूने, ज्या अ‍ॅम्पमध्ये आयसी (चिप) टँक चालवते तिथे आठ ओहमचा टँक लावला तर आयसीवर भार पडतो, आवाज फाटतो आणि आयसी तापते. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, कपॅसिटरमधून टँक चालवणाऱ्या ट्यूब अ‍ॅम्पना एफ लागतो. म्हणजे ‘ट्यूब अ‍ॅम्प आहे, मग ४एबीच असणार’ हे गणित चुकीचं आहे. जुन्या टँकवरचा कोड वाचा. पुसला असेल तर दोन्ही टोकं मोजा आणि अ‍ॅम्पचं सर्किट पाहा.

आउटपुट चुकला तर नुकसान होत नाही, फक्त पातळी बिघडते. बीच्या जागी ए लावला तर रिव्हर्ब मवाळ होतो, सी लावला तर जोरात येतो आणि सोबत घरघरही आणतो.

चौथा आकडा घुमारा किती वेळ टिकतो ते सांगतो. १ आखूड, २ मध्यम, ३ लांब. ३ मध्ये पावणेतीन ते चार सेकंद. ज्यांना रिव्हर्ब फक्त सुरांमागे थोडी ओल असावी एवढाच हवा, त्यांनी ४एबी२सी१बी घ्यायला हरकत नाही. सर्फ (रिव्हर्बने ओथंबलेलं गिटार संगीत) वाजवणाऱ्यांनी मात्र ३ सोडू नये.

पाचवं अक्षर अर्थिंगचं, आणि याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. सी म्हणजे इनपुटचा जॅक टँकच्या पत्र्यापासून वेगळा, आउटपुटचा जॅक पत्र्याला जोडलेला. त्यामुळे पत्रा आउटपुटच्या केबलच्या जाळीतून अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जातो आणि आतल्या नाजूक सिग्नलला आडोसा मिळतो. इनपुटकडून दुसरा रस्ता नसल्यामुळे ग्राउंड लूप (ग्राउंडला दोन रस्ते मिळून येणारी घरघर) होत नाही. ए घेतला तर दोन्ही जोडलेले, बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये ‘हम्म’ सुरू. डी घेतला तर दोन्ही सुटे, पत्रा तरंगता, आणि हात जवळ नेला की घरघर वाढते. काही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये टँकचा इनपुट एका लहान रेझिस्टरमार्फत ग्राउंडला जातो, आणि करंटवर नजर तोच रेझिस्टर ठेवतो. तिथे इनपुट पत्र्याला टेकला तर तो रेझिस्टर शॉर्ट होतो आणि सगळं संतुलन बिघडतं. नवा टँक हातात आला की मीटर लावून इनपुट जॅकची बाहेरची कडी आणि पत्रा यांच्यात जोड नाही ना, एवढं बघून घ्या. दहा सेकंदांचं काम.

सहावा १ म्हणजे वाहतुकीचं कुलूप नाही. शेवटचा बी म्हणजे टँक आडवा, उघडी बाजू खाली. हे नुसतं सोयीचं अक्षर नाही. स्प्रिंगा स्वतःच्या वजनाने थोड्या ओघळतात आणि त्या ओघळण्यासकट मणी फटीच्या मध्यावर राहील अशी जुळणी कारखान्यात केलेली असते. बीचा टँक उभा लावला तर मणी गाभ्याला टेकू शकतो, आणि मग आवाज मेल्यासारखा किंवा करकर करणारा येतो.

आता खरेदीआधीची तपासणी.

पहिला संशयित फूटस्विच. फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये फूटस्विच रिव्हर्बचा सिग्नल ग्राउंड करून बंद करतो, म्हणजे फूटस्विचची केबल कुठे शॉर्ट असेल तर रिव्हर्ब कायमचा बंद. प्लग काढून टाका आणि ऐका. रिव्हर्ब परत आला तर नव्या टँकची गरज नव्हती.

मग केबली. टँकपासून अ‍ॅम्पच्या तळापर्यंत जाणाऱ्या दोन आरसीए केबली वर्षानुवर्षं वाकत, कंप पावत असतात. प्लगच्या आत तार तुटते, किंवा बाहेरची कडी सैल होऊन जॅकला घट्ट पकडत नाही. प्लग फिरवत फिरवत दोनतीनदा काढा-घाला, कडी पक्कडीने किंचित आवळा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. दोन्ही केबली सारख्याच लांबीच्या असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहा. दोष केबलबरोबर जागा बदलतो का ते लगेच कळतं.

यानंतर धक्क्याची परीक्षा. अ‍ॅम्प चालू, रिव्हर्ब चारवर, आणि कॅबिनेटला बाजूने तळहाताने एक थाप. टँक खडाडला, म्हणजे ढगांचा गडगडाट व्हावा तसा आवाज आला, तर आउटपुटची कॉइल, परतीची केबल, परतीची ट्यूब (टँकमधून आलेला सिग्नल वाढवणारी) हे सगळं शाबूत आहे. दोष ड्राइव्हच्या, म्हणजे टँककडे सिग्नल पाठवणाऱ्या बाजूला: १२एटी७, लहान ट्रान्सफॉर्मर, जाणारी केबल किंवा इनपुटची कॉइल. काहीच आवाज आला नाही तर उलट. अशा वेळी अ‍ॅम्पचा आवाज कमी ठेवून टँकच्या आउटपुटमधली केबल काढा आणि तिच्या मधल्या पिनेला बोट लावा. ‘भूंऽऽ’ असा हम आला तर अ‍ॅम्पचा परतीचा भाग जिवंत आहे आणि दोष टँकमध्ये. हे फक्त तीन पिनांच्या, नीट अर्थिंग असलेल्या अ‍ॅम्पवर करा. दोन पिनांच्या फार जुन्या अ‍ॅम्पला आधी अर्थिंग करून घ्या, रिव्हर्ब नंतर.

ड्राइव्हची बाजू तपासायला एक छान युक्ती आहे, आणि ती आठ ओहमच्याच टँकच्या अ‍ॅम्पमध्ये चालते. टँककडे जाणारी केबल एखाद्या लहान आठ ओहम स्पीकरला जोडा आणि गिटार वाजवा. बारीक, पातळ, पण ओळखू येणारा आवाज त्या स्पीकरमधून यायला हवा. आला तर १२एटी७ आणि ट्रान्सफॉर्मर दोघेही ठीक. नाही आला तर आधी ट्यूब बदलून पाहा. फेंडरच्या सर्किटमध्ये ही ट्यूब ४०० व्होल्टच्या वर राबते. अ‍ॅम्पमधल्या बाकीच्या लहान ट्यूबांपेक्षा तिचं आयुष्य खडतर असतं.

शेवटी मीटर. केबली काढून टाका, मीटरच्या दोन दांड्या एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी बघा, तो ०.२-०.३ ओहम असतोच आणि तो वजा करायचा. इनपुटवर ०.८च्या आसपास, आउटपुटवर २००च्या आसपास आलं तर कॉइली धड आहेत. कुठल्याही टोकाला मीटर काहीच दाखवत नसेल तरी टँक लगेच भंगारात काढू नका. तो उलटा करा, चांगला उजेड घ्या आणि कॉइलपासून जॅकपर्यंत जाणाऱ्या तारा पाहा. या टँकची सगळ्यात दुबळी जागा हीच. आतला ट्रे डुलत असतो, बाहेरचा स्थिर; दोघांच्या मध्ये केसाएवढ्या तारा. दमट हवेत त्यांच्यावर हिरवा थर चढतो आणि एखाद्या दिवशी एखादी तार सोल्डरच्या अगदी मुळाशी तुटते. तुटलेलं टोक चिमट्याने उचललं तरच दिसतं, नाहीतर जागच्या जागी बसलेलं भासतं. मीटरची दांडी जॅकवर न लावता थेट कॉइलच्या दोन पायांवर लावा. तिथे रेझिस्टन्स बरोबर आला तर कॉइल जिवंत आहे, तुटली ती फक्त तार, आणि दुरुस्ती पाच मिनिटांची: २५-३० वॅटची सोल्डरिंग आयर्न, पातळ लवचिक मल्टिस्ट्रँड तारेचा तुकडा, आणि सांध्यात भरपूर ढील. ताणून लावलेली तार झोपाळ्याला ओढते आणि बाहेरचे धक्के आत नेते. आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, बॉबिन वितळते.

स्प्रिंग आकड्यातून निसटली असेल तर तीही परत घालता येते. एकच सूचना: लोखंडी चिमटा वापरू नका. मणी चुंबकाचा आहे, तो चिमट्यावर झडप घालतो आणि त्या झटक्यात त्याची बारीक दांडी वाकते किंवा मोडते. पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा घ्या. फटीत लोखंडाचा कीस अडकून आवाज खरखरत असेल तर चिकटपट्टीची चिकट बाजू बाहेर ठेवून तिची अरुंद घडी करा आणि फटीतून हळूच सरकवा. कीस तिला चिकटून येतो. मणी तुटला, कॉइलच आतून ओपन झाली किंवा स्प्रिंग ताणली जाऊन सैल पडली, तर मात्र दुरुस्तीत वेळ घालवू नये. नवा टँक घ्यावा.

बसवण्याचं काम तसं सोपं आहे, कारण अ‍ॅम्पची चासी (सर्किटची पत्र्याची पेटी) उघडावीच लागत नाही. ही गोष्ट लहान नाही. ट्यूब अ‍ॅम्पच्या फिल्टर कपॅसिटरांत बंद केल्यानंतरही जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं, आणि टँक बदलताना त्यांच्या वाटेला जायचं कारणच नाही. टँक कॅबिनेटच्या तळाशी, रेक्झिनच्या काळ्या पिशवीत स्क्रूने बसवलेला असतो.

अ‍ॅम्प बंद करून भिंतीतला प्लग काढा, ट्यूबा निवू द्या. केबली काढण्याआधी दोन्हींवर कागदी चिकटपट्टी लावून ‘जाणारी’ आणि ‘येणारी’ असं लिहा. केबलींच्या रंगावर विसंबू नका. मधल्या काळात कोणी तरी त्या बदललेल्या असू शकतात. ‘नवा टँक लावला आणि रिव्हर्ब अगदीच क्षीण’ असं ऐकलं की पहिला संशय या अदलाबदलीचाच घ्यावा. प्लग ओढताना प्लगला धरून ओढा, केबलला नव्हे.

पिशवीचे स्क्रू काढा, पिशवी बाहेर घ्या, जुना टँक काढा आणि नव्याशेजारी ठेवून ताडून बघा: लांबी, भोकं, जॅक कुठल्या टोकाला आहेत. नव्या टँकच्या आत पॅकिंगचा फोम किंवा पुठ्ठा अडकवलेला असेल तर तो काढा. हसण्यावारी नेऊ नका. स्प्रिंगांवर फोमचा तुकडा तसाच ठेवून बसवलेला टँक मीटरवर ठणठणीत दिसतो आणि वाजत मात्र नाही.

स्क्रू लावण्याची घाई नको. आधी टँक कॅबिनेटच्या तळाशी घडी घातलेल्या टॉवेलवर उघडी बाजू खाली करून ठेवा, केबली जोडा, अ‍ॅम्प चालू करा. रिव्हर्ब तीनवर, मग सातवर. आता न वाजवता नुसता हम ऐका आणि टँक थोडा सरकवा, मग टोकं अदलून पाहा. आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब तितका हम कमी. दोन इंच सरकवल्यानेही फरक कानाला कळतो. सर्वात शांत जागा सापडली की खडूने खूण करा.

पिशवीत टँक घालताना उघड्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा हवाच. मूळ अ‍ॅम्पमध्ये तो असतो आणि टँक बदलताना नेमका तोच हरवतो. पुठ्ठा नसला की मागून स्पीकरचा दणका थेट स्प्रिंगांवर येतो आणि रिव्हर्ब पाचच्या पुढे गेला की अ‍ॅम्प हुंकार भरत भरत शेवटी बोंबलायला लागतो. साधा, टँकच्या मापाचा जाड पुठ्ठा कापला तरी चालतो. तो स्प्रिंगांना टेकणार नाही एवढं बघा. पिशवी या टँकसोबत बहुतेक वेळा येत नाही, वेगळी घ्यावी लागते. जुनी फाटलेली नसेल तर तीच वापरा, नव्या पिशवीने आवाजात काही फरक पडत नाही.

स्क्रू पिशवी जागची हलणार नाही इतपतच. घट्ट आवळले तर पिशवीचा मऊपणा संपतो, कॅबिनेटची लाकडी थरथर सरळ ट्रेमध्ये जाते आणि तोच हुंकार परत येतो. पिशवीविना, रबरी वॉशरवर टँक बसवणाऱ्या अ‍ॅम्पमध्येही हेच: रबर दबलं पाहिजे, चेपलं नाही पाहिजे. केबली स्पीकरच्या चुंबकाला किंवा गरम ट्यूबांना टेकत नाहीत ना, तेवढं पाहून मागची फळी लावा.

आवाजाबद्दल. खालचे सूर स्वच्छ, मधला भाग भरदार, आणि तारेवर पिक आपटला की तो सुप्रसिद्ध ‘टिपूक’ आवाज, पाण्याचा थेंब पडावा तसा. मध्यम गतीच्या तुटक सुरांवर हा टँक सर्वात खुलतो. भरगच्च कॉर्ड वाजवली की दोन स्प्रिंगांची मर्यादा जाणवते. घुमाऱ्यात एक पिंगपिंग लय ऐकू येते. ती ज्यांना खटकते त्यांनी ९एबी३सी१बी घ्यावा. तोच आकार, त्याच जागी बसतो, कॉइलीचं इम्पीडन्स १० आणि २५७५ ओहम आहे पण फेंडरच्या सर्किटला त्याने फरक पडत नाही. घुमारा जास्त दाट आणि गुळगुळीत. मात्र त्या गुळगुळीतपणात थेंबाचा आवाज विरघळतो, आणि फेंडर रिव्हर्ब म्हणून जे ओळखलं जातं त्यातली अर्धी जादू त्या थेंबातच आहे. जुन्या अ‍ॅम्पला जुना आवाज परत द्यायचा असेल तर ४ घाटच बरा.

नव्या टँकबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: रिव्हर्ब फारच जास्त, तीनच्या पुढे नेता येत नाही. तो टँकचा दोष नव्हे. जुना टँक आणि म्हातारी ट्यूब यांची सवय झालेल्या कानाला पूर्ण ताकद अंगावर आल्यासारखी वाटते. नॉब तीनवर ठेवून वाजवण्यात कमीपणा नाही, पण नॉबचा पूर्ण फेरा वापरायचा असेल तर ड्राइव्हच्या जागी १२एटी७ऐवजी १२एयू७ लावा. पिनांची मांडणी तीच, गेन कमी, रिव्हर्ब शांत होतो.

दोष सांगायचे तर जॅकपर्यंतच्या त्या केसाळ तारा आजही तशाच आहेत. इतक्या वर्षांत त्या जरा जाड आणि लवचिक करायला काय हरकत होती कोण जाणे. जॅक पत्र्याला रिव्हेट केलेले आहेत, त्यामुळे एखादा सैल झाला तर आवळता येत नाही, रिव्हेट ड्रिल करून बदलावा लागतो. आणि वाहतुकीचं कुलूप नसल्यामुळे अ‍ॅम्प गाडीत आडवातिडवा टाकून नेणाऱ्यांनी जपून राहावं. स्प्रिंग निसटण्याचे बरेचसे प्रकार प्रवासातच घडतात. अ‍ॅम्प नेहमी उभा, आपल्या पायांवर ठेवून न्यावा.

जुना टँक पूर्ण मेला असला तरी फेकू नका. आतला ट्रे टांगणाऱ्या चार बारक्या स्प्रिंगा, मधले आकडे आणि एक तरी जिवंत कॉइल त्यात असते, आणि त्याच घाटाच्या दुसऱ्या टँकला ती बसते. काढून डबीत ठेवा, वरती कॉइलचा कोड लिहून.